गेटवर ठेवलेली काडेपेटी

ज्याने बिडी कधी सोडायचा प्रयत्नच केला नाही, त्याला सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नाही. ज्याने ती तीन-चार वेळा सोडली आणि दर वेळी परत हातात घेतली, त्या माणसासाठी मी हे लिहितो आहे. दवाखान्यातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात, लिहा. कुणीतरी वाचेल." म्हणून लिहायला बसलो.

मोताळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर क्लार्क आहे. कापसाची गाडी आली की तिचं वजन घ्यायचं, रिकामी होऊन परत निघाली की पुन्हा घ्यायचं, हे माझं काम. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते आणि ते लवकर गेले. आईने निंदण-खुरपण करून मला शिकवलं. निकाल लागला त्या दिवशी ती सगळ्या आळीत साखर वाटत फिरली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे काही मी केलं ते न कळणाऱ्या माणसाने केलेलं नव्हतं.

माझ्या उजव्या पायाला आज चारच बोटं आहेत. करंगळी गेली.

पाय थंड पडला

कापसाचा सीझन ऐन भरात होता. स्टँडपासून जिनिंगपर्यंतचा रस्ता मी कित्येक वर्षं पायीच जातो. त्या हिवाळ्यात मधेच पोटरीत गोळा यायला लागला. थांबलं की जायचा, चाललं की यायचा. उगाच रस्त्यात उभा राहिलेला माणूस विचित्र दिसतो, म्हणून मी फोन काढून कानाला लावायचो. तेवढ्यात एक बिडीही पेटवायचो. बिडी संपेपर्यंत गोळा उतरलेला असायचा. मला वाटायचं, बिडीनेच आराम पडतो.

मग पाय थंड राहायला लागला. चुलीपुढे बसून अंग तापलं तरी माझं उजवं पाऊल माठासारखं गार. करंगळी आधी पांढुरकी झाली, मग निळसर. तिच्या कडेला एक भेग पडली.

"काटा मोडला असन," आई म्हणाली. "दाखव इकडं."

आमच्याकडे काटा मोडला, टाच फुटली, की बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी चटका द्यायचा. लहानपणापासून माझे कितीतरी काटे आईने असेच जिरवले आहेत. तेव्हा मी ओरडून घर डोक्यावर घ्यायचो. या वेळी तिने करंगळीला चटका दिला आणि मला जवळजवळ काहीच कळलं नाही.

"पाह्य वं वंदना," ती माझ्या बायकोला कौतुकाने म्हणाली, "आता हाललाबी नाई. मोठा धीराचा झाला माहा पोट्टा."

वंदनाला ते आवडलं नाही. "आत्याबाई, हालायले पायजे होतं," ती म्हणाली. "डॉक्टरले दाखवू."

मी दाखवलं नाही. बिब्ब्याचा फोड फुटला, जखम झाली आणि जखमेची कड काळी पडत गेली. शेवटी वास यायला लागला तेव्हा वंदनाने मला काही विचारलं नाही. तिने सरळ अकोल्याच्या गाडीत बसवलं. आई मागून आली. तिला कोणी चल म्हटलं नव्हतं.

एखादी

डॉक्टरांनी आधी माझा पाय पाहिलाच नाही. म्हणाले, "हात दाखवा." मी हात पुढे केला. अंगठा आणि दोन बोटं पिवळी होती. मग त्यांनी दोन्ही पावलांवर बोट ठेवून नाडी शोधली. डाव्या पायावर बराच वेळ, उजव्या पायावर त्याहून जास्त वेळ.

"बिडी कधीपासून?"

"कॉलेजपासून."

"तुमच्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून बंद होत चालल्या आहेत. बिडीने. करंगळी वाचणार नाही, ती काढावी लागेल. त्याच्यापुढचं माझ्या हातात नाही. बिडी बंद झाली तर पाय राहील. नाही झाली तर आधी बोटं, मग पाऊल, मग गुडघ्याखालून."

डॉक्टरांसमोर आम्ही तिघं होतो, मी, वंदना आणि आई. वंदना माझ्याकडे बघत होती. मी काय विचारलं असेल? करंगळी कधी काढणार, दुखेल का, कामावर कधी जाता येईल, यातलं काहीच नाही. मी विचारलं, "सर, एकदम नाही जमलं, तर दिवसातून एखादी चालेल का?"

"एखादी म्हणजे चालूच," डॉक्टर म्हणाले. "तंबाखू चघळायचीही नाही. बिडी आणि पाय, दोघं एका घरात राहणार नाहीत."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम पुढे आली. "डाक्टरसाहेब, बिबा म्या लावला होता."

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, "आजी, बिब्ब्याने जखम झाली हे खरं. पण दुसऱ्या कोणाची असती तर भरून आली असती. याची भरली नाही, ती बिडीमुळे."

आईने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. दुसरं तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

बाहेर आल्यावर वंदना औषधाच्या रांगेत गेली. मी लघवीला जातो म्हणून सायकल स्टँडच्या मागे गेलो आणि बिडी पेटवली. डॉक्टरांचे शब्द अजून कानात होते. काडी दोनदा विझली. तिसरी पेटली. त्या बिडीची चवसुद्धा मला लागली नाही. नुसती भीती होती, आणि भीती वाटली की करायची दुसरी कुठली गोष्ट मला येतच नव्हती.

डोक्यावरचा हात

आमच्याकडे माणूस काही सोडतो ते कोणाच्या तरी डोक्यावर हात ठेवून. दारू असो, पत्ते असोत, बिडी असो. घरची माणसं गोळा होतात, कोणीतरी म्हणतं, "ठेव हात, घे शपथ." ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं पुढचं भलंबुरं आपल्या हातात आलं, असं मानतात. कोणी उघड बोलत नाही, पण मानतात सगळेच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला. ती शपथ पुढच्या सीझनला मोडली. दुसऱ्या वेळी गावच्या मारुतीपुढे नारळ फोडला. त्या वेळी बडीशेप, वेलदोडा, चण्याफुटाण्यांनी खिसे भरून हिंडायचो. लग्नसराईच्या एका पंगतीनंतर तेही संपलं. तिसऱ्या वेळी आमच्या मामांनी पुढाकार घेतला. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. घरातल्या सगळ्या शपथा त्यांच्या देखरेखीखाली होतात. ते म्हणाले, "मोठ्या मानसाची शपथ तुले पचते. लेकीच्या डोक्शावर ठेव हात."

समीक्षा तेव्हा बालवाडीत जात होती. तिला वाटलं, बाबा आशीर्वाद देतो आहे. ती वाकून माझ्या पाया पडली.

ती शपथ मोडली त्यानंतर काही दिवसांनी समीक्षाला ताप आला. साधा व्हायरल होता, आळीत निम्म्या लेकरांना आला होता. मी पदवीधर आहे. शपथ मोडण्याचा आणि तापाचा संबंध नसतो हे मला कळतं. तरी मी तिच्या उशाशी बसून ओल्या पट्ट्या बदलताना माझ्या हाताकडे बघत होतो. हाच हात होता. तो विचार सोसेना, म्हणून उठून गोठ्यामागे गेलो. तिथे काय केलं ते वाचणाऱ्याला कळलं असेल.

शपथेचं हे असं होतं. मोडली की धास्ती, धास्ती वाटली की बिडी, बिडी ओढली की आणखी मोडली. दार नसलेल्या खोलीत माणूस भिंतीला धरून गोल फिरतो, तसं. आणि बाहेरून सगळे म्हणतात, याला बायकोपोरांची कदर नाही.

वॉर्ड

करंगळी काढली. त्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो वॉर्ड.

सकाळी झाडू, मग फिनाईल, मग डॉक्टरांचा राऊंड, मग ड्रेसिंगची गाडी. गाडीच्या चाकाचा आवाज दुरून यायला लागला की सगळ्या खाटा गप्प व्हायच्या. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर आमच्याच भागातल्या होत्या. पट्टी सोडवताना मला मुद्दाम कापसाचा भाव विचारायच्या. मी भाव सांगेपर्यंत पट्टी निघालेली असायची. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर अमडापूरचे एक काका होते. त्यांचा आजार माझाच. डावा पाय गुडघ्याखालून नव्हता. दुसऱ्या पायाच्या अंगठ्यासाठी भरती झाले होते. जेवण झालं की कुबड्या काखेत घेऊन ते खालच्या अंगणात जायचे आणि खोकत वर यायचे.

"काका, अजून ओढता?" मी एकदा विचारलं.

"एक पाय तिनंच खाल्ला ना बे. आता वळखीची झाली," ते हसले. मग माझ्या पट्टीकडे बघून म्हणाले, "तूबी येशीन खाली. पयले पयले सारे तुह्यासारखेच तोंड करून पडतेत."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या शेजारी अंगणात उभा होतो. त्यांनी न विचारता आपली बिडी माझ्या बिडीला लावून पेटवून दिली. त्यांच्या रिकाम्या पायजम्याची गाठ वाऱ्याने हलत होती. मला माझा पुढचा काळ समोर कुबड्या घेऊन उभा असलेला दिसत होता आणि माझ्या हातातली बिडी काही खाली पडत नव्हती.

भेटायला नातेवाईक यायचे. "कशानं झालं म्हने?" हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. मी उत्तर द्यायच्या आत आई सांगायची, "म्या बिबा लावला होता."

"माय, बिडीनं झालं," मी म्हणायचो. "डॉक्टर बोलले तुह्या समोर."

"तू उगी राय. तुले माह्यी लाज झाकाची हाय."

नातेवाईकांना माझ्यापेक्षा तिचं पटायचं. बिडी तर सगळेच ओढतात, त्यांची बोटं कुठे जातात?

माय अनवाणी

घरी आल्यावर मामा आले. चहा झाला. त्यांनी आईला पाटावर बसवलं आणि मला म्हणाले, "आता हेच एक डोक्शं राह्यलं."

मी हात ठेवला. आईचे केस विरळ झाले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच संध्याकाळी आई मारुतीला गेली आणि अनवाणी परत आली. चप्पल हातात होती. ती तिने दाराआडच्या खुंटीला टांगली.

"हे काय आत्याबाई?" वंदनाने विचारलं.

"त्याचा पाय बरा होईस्तोवर नाई घालनार. म्या बिघडवला, म्याच भोगीन."

चैत्र लागला होता. पुढचे महिने मी कसे सांगू? आमच्याकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. आई नळावर जायची, किराण्याला जायची, कोणाच्या दारी कार्याला जायची. रस्त्याच्या कडेच्या गवतावरून चालायची आणि गवत संपलं की झपझप पावलं टाकायची. तिच्या टाचांना भेगा पडल्या. त्या भेगांना तिने बिब्बा लावला नाही. घरातले सगळे बिब्बे तिने टाकून दिले होते.

माझी जखम भरत आली होती. कडेने गुलाबी कातडं धरलं होतं. आणि एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी शाळेच्या भिंतीमागे जाऊन उभा राहिलो.

कारण विचाराल तर सांगण्यासारखं कारण नाही. घरी बसून होतो, काम नव्हतं, पाय ठणकत होता, आई उन्हातून पाणी घेऊन येताना दिसली होती. तिच्यासाठी सोडायची म्हणून जीव तुटत होता आणि जीव तुटतो म्हणूनच ओढावीशी वाटत होती. 

माझा पाय माझी चहाडी करायचा. दोन-चार दिवस ओढली की कातडं पांढरं पडायचं, जखमेतून पाणी यायचं. ड्रेसिंग वंदना करायची. तिने एकदा पट्टी उघडली, बघितलं आणि परत बांधली. बराच वेळ गाठ मारत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमी सांगू नका. पाय सांगते मले."

"आईला सांगू नको."

"त्यायले काय सांगू? त्या समजतेत का बिब्ब्याचं विष अजून उतरलं नाई." तिने कात्री पेटीत टाकली. "तुमी बिडी वढता अन् त्या पाय भाजून घेतेत. मी दोघायचे पाय पाहात बसते."

समोर आई ओसरीवर बसून फुलवाती वळत होती. तिला चप्पल घाल म्हणावं, तर पाय बरा व्हायला हवा. पाय बरा व्हायचा, तर बिडी सुटायला हवी. आणि बिडी सुटेना. तिघं एकाच दोरीने बांधले गेलो होतो आणि दोरीचं टोक माझ्या पिवळ्या बोटांत होतं.

कापूस

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली. मालकांनी माझी जागा भरली नव्हती. "बसून काम आहे, ये," म्हणाले. त्यांचेही उपकार.

जिनिंगच्या गेटवर वॉचमनची केबिन आहे आणि केबिनच्या खिडकीखाली लाकडी फळी आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकाने बिडी, काडेपेटी, लायटर त्या फळीवर काढून ठेवायचं आणि सुटी झाली की उचलायचं. मालकसुद्धा ठेवतात. आत चहूकडे कापसाच्या गंजी, हवेत तंतू उडत असतात. कापसाला लागलेली ठिणगी लगेच दिसत नाही. गंजीच्या पोटात ती दिवसभर धुमसते आणि मग एकदम वर येते. म्हणून तिथे कोणी कोणाला समजावत बसत नाही. हा नियम मी नोकरी लागल्यापासून पाळतो आहे आणि त्याबद्दल मी एकदाही विचार केला नव्हता.

मोताळ्याच्या बाजाराचा दिवस होता. आई बाजाराला आली होती. मी सकाळी बँकेच्या कामाला निघताना डबा विसरलो होतो म्हणून ती तो घेऊन दुपारी गेटवर आली, तेव्हा मी बँकेतून येऊन नुकताच आत शिरत होतो. ती आलेली मला दिसली नाही. मी खिशातून बिडीचा कट्टा काढला, त्यावर काडेपेटी ठेवली आणि दोन्ही फळीवर ठेवून पुढे गेलो.

"गजा!"

मी वळलो. आई गेटबाहेर उभी होती. कपाळाला घाम, पाय धुळीने भरलेले, हातात डबा. ती फळीकडे बघत होती.

शपथ तिच्या डोक्यावर होती आणि कट्टा तिच्या डोळ्यांसमोर.

तिने वॉचमन देवरावांना विचारलं, "हे इथं काऊन ठेवलं?"

"आत नेता येत नाई ना माय. कापूस हाय."

"मंग दिवसभर हा वढत नाई?"

"कसा वढीन? संध्याकाळलोक नाई वढत कोनी."

"मधात नाई येत बाहीर?"

"नाई बा. चहाले आले तरी फळीकडं पाहात नाईत. गजाभाऊ तं कधीच नाई."

आईने डबा माझ्या हातात दिला. तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "दिवसभर बिडीबिगर राह्यतं तू?"

"हाव."

"तरसत नाई जीव?"

"सुरवातीले तरसते. मंग ध्यानात राहात नाई."

"इथं कोनाच्या डोक्शावर हात ठेवला व्हता?"

"शपथ कायची माय? एक ठिणगी पडली तं सारं खाक होईन."

मागे कापसाची गाडी येऊन थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "सेठच्या कापसाची तुले इतली धास्ती," ती म्हणाली, "अन् माह्या डोक्शाची नाई?"

मग तिने पदराने कपाळ पुसलं. पुसता पुसता तोच हात डोक्यावरून मागे फिरवला, जसं काही केसांत अडकलेलं काढून टाकावं. "काढून टाकली जाय शपथ. वढ, नाईतं नको वढू. माहं डोक्शं मले दे वापस."

ती बाजाराकडे निघाली. डांबरावर पाय पोळत होते तरी ती झपझप चालली नाही. त्या दिवशी काट्यावर मी दोन गाड्यांची वजनं परत घेतली. आकडे दिसत होते, पण डोक्यात उतरत नव्हते.

कोनाडा

घरी आई माझ्याशी बोलत नव्हती. जेवण वाढलं, ताट उचललं. वंदनाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, "झालं तरी काय?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता हीही बोलायची थांबेल. ती म्हणाली, "म्हंजे तुमाले राह्यता येते."

"तिथं कापूस आहे म्हणून."

"इथं काय हाय मंग?" तिने ओसरीकडे हात केला. आईच्या फुलवातींचा कापूस टोपलीत भरून पडला होता. मग ती हसली. किती महिन्यांनी हसली होती. "आपल्या दारालेबी गेट करा."

आमच्या दाराच्या बाहेरच्या बाजूला एक कोनाडा आहे, पूर्वी तिथे रॉकेलची चिमणी ठेवायचे. वंदनाने तो पुसून घेतला. ठरलं ते एवढंच: घरात शिरताना कट्टा आणि काडेपेटी कोनाड्यात. ओढायची असली तर बाहेर जाऊन, सगळ्यांच्या देखत ओढायची. कोणी काही म्हणणार नाही. कोणाच्या डोक्यावर हात नाही, मारुतीला नारळ नाही, मामांना निरोप नाही.

पहिल्या संध्याकाळी मी तीनदा उठून बाहेर गेलो. तिन्ही वेळा वंदना भाकरी थापत राहिली. आई वाती वळत राहिली. कोणी वर बघितलं नाही. गोठ्यामागे जायचं नव्हतं, तोंड धुवायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. आळीतले लोक येता-जाता बघत होते. अशी उघड्यावर ओढलेली बिडी फार बेचव लागते. लपण्यातच तिची निम्मी चव होती, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

हळूहळू घर जिनिंगसारखं झालं. सुरुवातीला जीव तरसायचा, मग ध्यानात राहत नसे. राहिला तो मधला रस्ता, जिनिंगच्या गेटपासून घरापर्यंतचा. चहाच्या टपऱ्या, स्टँड, ओळखीचे लोक, पुढे केलेल्या बिड्या. तो रस्ता मला फार दिवस जिंकता आला नाही. 

मग एका संध्याकाळी मी फळीवरचा कट्टा उचललाच नाही. ठरवून नाही. त्या दिवशी पाऊल ठणकत होतं, बस सुटायची वेळ झाली होती, आणि मनात आलं, आज राहू दे, उद्या घेऊ. देवराव मागून ओरडले, "गजाभाऊ, तुमचं सामान!"

"असू द्या. उद्या."

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. सोडली असं म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी परत ओढली असती. उद्या घेऊ म्हटलं की जीव शांत बसायचा. कधी कधी बसायचाही नाही. स्टँडवर कोणी पुढे केली आणि मी घेतली, असंही झालं. दुसऱ्या दिवशी पायाने वंदनाला सांगितलं. ती म्हणाली, "फळीवरची तं नाई ना उचलली?" नव्हती उचलली. तेवढ्यावर आम्ही परत पुढे निघालो.

चप्पल

संक्रांत झाल्यावर अकोल्याला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि परत बांधली नाही. करंगळीच्या जागी नुसतं गुळगुळीत कातडं होतं. त्यांनी हात दाखवा म्हटलं. बोटांचा पिवळा रंग नखांपर्यंत मागे सरकला होता.

"आजी," ते आईला म्हणाले, "जखम भरली. बिडी बंद झाली आणि भरली."

आई त्यांच्या टेबलाजवळ गेली. "म्हंजे बिब्ब्यानं नोयतं गेलं बोट?"

"बिब्ब्याचंच असतं, तर बोट काढल्यावर जखम लगेच भरायला हवी होती."

या वेळी तिने सगळं ऐकलं. मग ती बाहेरच्या बाकावर बसली आणि स्वतःच्याच पायांकडे बघू लागली. त्या भेगाळलेल्या टाचा मी आयुष्यभर विसरणार नाही. वंदनाने तिच्यासमोर पिशवी धरली. पिशवीत खुंटीवरची चप्पल होती. तिने सकाळी निघतानाच ती सोबत घेतली होती.

अमडापूरच्या काकांची चौकशी केली. सिस्टर म्हणाल्या, परत आले नाहीत. याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं.

पुढच्या बाजाराला आई आणि मी सोबत होतो. इतक्या महिन्यांनी घातलेली चप्पल तिला चावत होती. थोडं चालली की काढून हातात घ्यायची, खडी आली की परत घालायची. मी तिच्या मागून चाललो होतो. पोटरीत गोळा आला तर मी थांबायचो, चप्पल चावली तर ती थांबायची. भाजीच्या ओळीत मामा भेटले.

"गजानं सोडली म्हने बिडी," ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "शपथ कोनाची घेतली आता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईने मला थांबवलं.

"सोडली-गिडली काई नाई," ती म्हणाली आणि वाकून चप्पल पायात सारली. "गेटवर ठेवली हाय. चाल रे, उशीर होऊन राह्यला."